ढगळ रायडिंग जॅकेट अंगाबेताचं करून घेताना

माझं पहिलं रायडिंग जॅकेट पुरुषांच्या मापाचं होतं. खांद्याला बरोबर, कंबरेला पिशवी, आणि बाह्या अशा की आत अजून एक हात मावेल. दुकानात सांगितलं गेलं, "आत स्वेटर घाला, भरून निघेल." एक थंडी तशीच काढली. मग त्र्यंबकहून नाशिकला परत येताना महिरावणीच्या अलीकडे रस्त्यावर सांडलेल्या वाळूत पुढचं चाक निसटलं. वेग तिशीच्या आतबाहेर. जॅकेटचं कापड खरवडलं, पण फाटलं नाही. कोपराच्या हाडाला मात्र असा मार बसला की महिनाभर हात टेबलावर टेकवता येत नव्हता. घरी येऊन बाही चाचपली तेव्हा कारण सापडलं. कोपराचा आर्मर, म्हणजे मार झेलायला आत बसवलेला पॅड, फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेला होता.

ते जॅकेट मी टाकून दिलं नाही, शिंप्याकडून बेतून घेतलं. पहिल्यांदा बिघडलं, दुसऱ्यांदा जमलं. त्यानंतर माझ्या दोन पँटी, बहिणीचं चामड्याचं जॅकेट आणि सोबत गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींचे बरेच कपडे याच वाटेने गेले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. शिंप्याला शिवणकाम येतं, पण माणूस गाडीवरून पडतो तेव्हा कपड्याचं काय होतं हे त्याने पाहिलेलं नसतं. ती अर्धी माहिती आपण सोबत न्यायची असते. ती दिली नाही, तर चांगला कारागीरसुद्धा जॅकेट सुंदर आणि निरुपयोगी करून देतो.

कुठे हात लावायचा, कुठे नाही

खांदा, कोपर, कंबरेचं हाड आणि गुडघा यांवर बसणारे आर्मर युरोपच्या ईएन 1621-1 या मानकाने तपासले जातात. 50 जूलचा आघात केल्यावर पलीकडे पोचणारं बल सरासरी 35 किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल 1, आणि 20 च्या आत राहिलं तर लेव्हल 2. पाठीच्या आर्मरसाठी ईएन 1621-2 आहे, तिथे हेच आकडे 18 आणि 9 आहेत. पण हे सगळं आर्मर हाडावर बसलेला असतानाचं. तो दोन इंच सरकला की महागातल्या लेव्हल 2 चाही उपयोग होत नाही.

कपड्याचं मानक वेगळं. 2020 पासून ईएन 17092 लागू आहे. एएए, एए, ए, बी, सी असे त्याचे वर्ग तुमच्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर दिसतील. त्यात अंगाचे भाग पाडलेले आहेत. पडल्यावर जमिनीला आधी टेकणाऱ्या आणि जास्त घासणाऱ्या जागा म्हणजे खांदा, कोपर, बाहीची बाहेरची बाजू, कुल्ला आणि गुडघा. तिथे कापड आणि शिवण सर्वांत कणखर लागते. त्या मानाने काखेपासून कंबरेपर्यंतची कड, बाहीची आतली शिवण आणि मांडीची आतली शिवण कमी घासतात.

बेतण्याचा पहिला नियम यातूनच निघतो. मापात जे काही कमी-जास्त करायचं ते या आतल्या शिवणींमधूनच करायचं. खांद्याची शिवण, कोपरावरून जाणारी टीप, पँटची बाहेरची शिवण आणि बसण्याची जागा यांना हात लावू द्यायचा नाही. शिंपी सवयीने पँटची बाहेरची शिवण धरतो, कारण साध्या पँटीत तीच सोपी पडते. त्याला आधीच सांगा.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. कपडा उसवून पुन्हा शिवला की लेबलवरचा वर्ग त्या बदललेल्या कपड्याला लागू राहत नाही, कारण चाचणी मूळ शिवणीची झालेली असते. वॉरंटीही बहुधा जाते. म्हणून जॅकेट नवं असेल आणि बदलून मिळत असेल, तर आधी बदलून घ्या. शिंपी त्यानंतर.

आधी घरच्या घरी

बऱ्याच जॅकेटांना कंबरेला पट्टे आणि दंडाला दोन-तीन टिचबटणं असतात. ती कधी कोणी ओढून पाहत नाही. सगळे पट्टे घट्ट करून पाहा. पँटच्या गुडघ्याच्या खिशात अनेकदा वेल्क्रो असतो, त्याने आर्मर इंच-दोन इंच वर-खाली करता येतो. तेवढ्याने प्रश्न सुटला तर उत्तम.

आर्मरच मोठा वाटत असेल तर तो कात्रीने कापू नका. कोपर आणि गुडघ्याचे आर्मर टाइप ए आणि टाइप बी अशा दोन आकारांत येतात, ए लहान असतो. आर्मरवरच ते छापलेलं असतं. सोबत जागेचं अक्षरही असतं: खांद्याला एस, कोपराला ई, गुडघ्याला के, कंबरेच्या हाडाला एच. बारीक चणीच्या माणसाला टाइप ए घेतल्यावर निम्मी अडचण संपते.

मग खांदा पाहा. जॅकेटची खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडापलीकडे इंचाहून जास्त लोंबत असेल, तर ते जॅकेट विका. खांदा आत घ्यायचा म्हणजे मुंढा उसवायचा, बाही काढायची, आर्मरचा खिसा हलवायचा आणि सर्वांत जास्त मार खाणारी शिवण पुन्हा घालायची. हे काम मी कुणालाच सुचवत नाही. हातमोजे, बूट, एअरबॅगचं जॅकेट आणि एकसंध रेसिंग सूटही शिंप्याकडे न्यायचे नाहीत. जॅकेटच्या आत एअरबॅगची बंडी घालत असाल, तर बाहेरचं जॅकेट घट्ट करूच नका, कारण फुगायला तिला जागा लागते. आणि हेल्मेट ढिलं असेल तर त्याला एकच उपाय, योग्य मापाचं हेल्मेट.

माप गाडीवर बसून घ्यायचं

माझं पहिल्यांदा बिघडलं ते इथे. मी दुकानात आरशासमोर ताठ उभी राहिले, मास्तरांनी चिमट्या घेतल्या, खडूने खुणा केल्या, आणि आठ दिवसांनी जॅकेट अगदी छापील फोटोतल्यासारखं बसलं. गाडीवर बसून हँडल धरलं तर मनगट उघडं पडलं, पाठ वर चढली आणि काख आवळली. रायडिंगचे कपडे वाकलेल्या अंगासाठी बेतलेले असतात. उभं राहिल्यावर ते थोडे विचित्र दिसणारच.

म्हणून मापाचं काम घरी, स्वतःच्या गाडीवर करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा. थंडीत जे आत घालता ते घाला आणि थर्मल अस्तरही जोडा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिंडोरी किंवा निफाडच्या बाजूला निघालात तर ते लागणारच आहे. सगळे आर्मर आत असू द्या, बूट आणि हातमोजे घाला, चेन गळ्यापर्यंत लावा. मग बसा, हँडल धरा, मान वळवून मागे पाहा, पाय गिअरवर ठेवा. एकाला बाजूने, मागून आणि वरून फोटो काढायला सांगा. हे फोटो शिंप्याला दाखवायचे आहेत. दहा वाक्यांत सांगून जे कळत नाही ते एका फोटोत कळतं.

आता चाचणी. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराचा आर्मर पकडा आणि बाहीसकट फिरवा. हाड उघडं पडेल इतका फिरला तर बाही ढिली आहे. मग बाहीचं टोक धरून दंडाकडे ढकला, कारण घसरताना रस्ता नेमकं हेच करतो. गुडघ्यालाही तसंच. शेवटी जॅकेटचा मागचा काठ धरून वर ओढा. पाठ उघडी पडली तर कंबर ढिली आहे किंवा जॅकेट पँटला जोडायला हवं आहे.

कापड जिथे जास्त आहे तिथे चिमटीत धरा. इथे हिशेब चुकतो, म्हणून सावकाश वाचा. शिवणीवर चिमटीत धरलेली घडी एक इंच खोल असेल, तर घेरातून दोन इंच जातात. दोन्ही कडांना तशी घडी घातली, की चार इंच गेले. पहिल्या खेपेला माझ्या जॅकेटला हेच झालं. मी "दोन इंच कमी करा" म्हटलं ते एकूण, आणि मास्तरांनी प्रत्येक बाजूने दोन-दोन इंच धरले. तेव्हापासून मी चिठ्ठीवर लिहूनच देते: छातीचा घेर आत्ता इतका, हवा इतका. तसंच कंबर, दंड, कोपर. वजाबाकी त्यांनी करायची. शिंपी इंच आणि सूत बोलतात, आठ सुतांचा एक इंच, तर तुम्हीही तसंच लिहा.

चिमटी पुरती आवळू नका. थर्मल अस्तर घातलेलं असताना पोटाजवळ मूठ जाऊ नये, चार बोटं सपाट जावीत. कोपराशी दोन बोटं पुरे. कापडाच्या जॅकेटला सेफ्टी पिना लावून त्याच अवस्थेत पुन्हा गाडीवर बसा. पिन काखेच्या अस्तरातून गेली तर चालेल, पण पावसाच्या पातळ अस्तरातून जाऊ देऊ नका. त्याबद्दल पुढे सांगते.

कोणाकडे जायचं

नाशिकात मेन रोड, शालिमारच्या बाजूला अल्टरचं काम करणारे भरपूर आहेत. ते शर्ट-पँट उत्तम करतात. जाळीच्या उन्हाळी जॅकेटची कड आत घेणं किंवा पँटची लांबी दुमडणं त्यांना जमतं. पण जाड नायलॉनचे चार-पाच थर, वर रिफ्लेक्टिव्ह पट्टी आणि आत फोम असं एकत्र आलं की साधं मशीन टाके सोडतं. मग मास्तर चाक हाताने फिरवून कसंबसं पुढे सरकवतात, आणि तिथेच कच्ची जागा राहते.

जाड कामासाठी तीन प्रकारचे कारागीर शोधा. एक, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारे. त्यांच्याकडे जड मशीन, नायलॉनचा दोरा आणि जाड सुई असतेच. दुसरे, प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करणारे, चेन बदलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. तिसरे, देवळाली कॅम्पातले गणवेश शिवणारे. तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रामुळे तिथे लष्करी कपड्यांचं काम चालतं, म्हणून जाड कापड, पट्टे आणि वेल्क्रो यांचं त्या शिंप्यांना काही विशेष वाटत नाही. माझं दुसऱ्या खेपेचं काम तिथल्याच एका काकांनी केलं. सीटवाल्यांचं शिवण मजबूत असतं, पण त्यांना अंगाचं वळण कळेलच असं नाही. म्हणून अवघड कामात मी खुणा आणि कच्ची शिलाई कपड्यांच्या शिंप्याकडून करून घेते आणि पक्की शिलाई जड मशीनवाल्याकडून. दोन चकरा होतात, पण काम चोख होतं.

कोणालाही जॅकेट देण्याआधी परीक्षा घ्या. जुन्या सॅकचा पट्टा किंवा जाड कापडाची चार पदरी घडी सोबत न्या आणि विनंती करा, "काका, यावर एक वीतभर टीप मारून दाखवाल का?" टाके वरून पाहा, मग उलटं करून खालून पाहा. खाली दोऱ्याची वेटोळी लोंबत असतील तर ताण जुळलेला नाही. टाके मधेच लांब-आखूड असतील तर मशीनला ते झेपत नाही. दोन्ही बाजूंनी सारखे टाके दिसले की जॅकेट बाहेर काढा.

वेळही पाहून जा. जूनमध्ये शाळेचे गणवेश, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत सणाचे कपडे आणि त्यानंतर लग्नसराई. या दिवसांत तुमचं जॅकेट गठ्ठ्याच्या तळाशी जाईल आणि शेवटी घाईत शिवलं जाईल. पितृपक्षात नवे कपडे शिवायला फारसं कोणी टाकत नाही. मी माझी कामं त्या पंधरवड्यात नेते. मास्तर निवांत असतात, बोलायला वेळ देतात. आणि हे काम साध्या पँटच्या अल्टरच्या भावात मागू नका. नुसतं उसवायलाच तास-दीड तास लागतो, त्याचे पैसे खुशीने द्या.

दोरा, सुई, टाका

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: दोरा तुम्ही घेऊन जा. शर्टाला वापरतात तो दोरा साधारण टेक्स 24 ते 27 जाडीचा असतो. रायडिंगच्या कपड्याला टेक्स 70 च्या आसपास लागतो, चामड्याला टेक्स 90. रिळावर तिकीट नंबर असेल तर उलटा हिशेब लक्षात ठेवा, नंबर लहान तेवढा दोरा जाड. शर्टाचा 120, आपल्याला हवा 40 किंवा 30. बॉन्डेड नायलॉन किंवा बॉन्डेड पॉलिस्टर मागा. बॉन्डेड म्हणजे दोऱ्याच्या पदरांवर लेप दिलेला, त्यामुळे जड मशीनमध्ये तो पिळा सोडत नाही. सुती दोरा अजिबात नको. घामाने आणि पावसाने तो आतून कुजतो आणि वरून काही दिसत नाही. बॉबिनमध्येही हाच दोरा भरलाय ना, हे विचारा. वर जाड आणि खाली शर्टाचा दोरा असं झालं तर शिवण खालच्याइतकीच मजबूत.

या दोऱ्याला सुई 16 किंवा 18 नंबरची लागते. टाका कापडावर इंचाला आठ-नऊ, चामड्यावर सहा-सात. बारीक टाका म्हणजे मजबूत शिवण, असं शर्टाच्या बाबतीत ठीक आहे. चामड्यावर बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि ताण आला की तिथूनच फाटतं.

आतली शिवण दोनदा मारायला सांगा, एकीला लागून दुसरी, आणि कापड एका बाजूला बसवून वरून एक टीप. वरची टीप रस्त्यावर घासून गेली तरी आतली झाकलेली शिवण धरून ठेवते. मूळ जॅकेट नीट पाहाल तर तुम्हाला हीच रचना दिसेल.

जॅकेट उसवताना

देण्याआधी सगळे आर्मर काढा. कुठला कुठे आणि कोणती बाजू वर, याचा फोटो घ्या. कापडाचं जॅकेट धुऊन, वाळवून द्या. सहा महिन्यांच्या घामाचं जॅकेट कोणाच्या मांडीवर ठेवायचं नाही.

आत शिरायला अस्तर उघडावं लागतं. खालच्या काठाशी किंवा बाहीच्या अस्तरात एक वीतभर शिवण उसवली की सगळं आतून बाहेर ओढता येतं. बाहेरचं कापड जितकं आत घ्याल तितकंच जाळीचं पक्कं अस्तरही आत घ्यायला हवं. नाहीतर ते आत गोळा होतं आणि हात घालताना बोटं अडकतात.

कडेची शिवण घेताना काखेत सुरुवात हळूहळू करायची. काखेच्या चौकात चार-पाच शिवणी एकत्र येतात. तिथे एकदम अर्धा इंच घेतलं तर हात पुढे नेल्यावर सगळा ताण त्या बिंदूवर येतो. काखेखाली दोन इंच सोडून उतार द्यायला सांगा. बाही घ्यायची असेल तर काखेतून कोपरापर्यंत आणि तिथून मनगटाकडे, आतल्या शिवणीतूनच. बाहीच्या टोकाला चेन असते ती तशीच राहू द्या, घेर तिच्या वरच संपवा. बाहीची लांबी कमी करणं मी टाळते. कोपराचा आर्मर लांबीच्या हिशेबाने बसवलेला असतो, खालून दोन इंच कापले तरी तो दोन इंच खालीच राहतो. आर्मर खाली उतरत असेल तर अस्तर उघडलंच आहे तेव्हा त्याचा खिसा उसवून वर लावून घ्या. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं.

जास्तीचं कापड कापू देऊ नका. शिंप्याला ते आत ठेवणं आवडत नाही, फुगवटा येतो असं तो म्हणेल. इंचभर तरी ठेवा, सपाट बसवून टीप मारा. माझ्या पहिल्या खेपेला ते कापून टाकलं गेलं होतं. चूक सुधारायला कापडच उरलं नाही, आणि शेवटी दोन्ही कडांना नव्या पट्ट्या जोडाव्या लागल्या.

आता पावसाच्या अस्तराबद्दल. ते तीन प्रकारे असतं. चेनने काढता येणारं असेल तर काढून घरी ठेवा. त्याची चेन पुढच्या पट्टीला आणि गळ्याला असते, कडेच्या शिवणीचा तिच्याशी संबंध येत नाही. जॅकेट दोन-तीन इंच कमी झालं तर ते अस्तर आत थोडं सुरकुततं, चालून जातं. दुसऱ्या प्रकारात पाणी अडवणारा पडदा बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये लोंबता शिवलेला असतो. अशा वेळी फक्त बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर घ्यायचं, मधल्या पडद्याला सुई लागू द्यायची नाही. तो घडी पडून राहतो, गळत नाही. तिसऱ्या प्रकारात पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो. तिथे प्रत्येक टाक्याचं भोक पाणी आत घेतं, आणि शिवणीवर उष्णतेने टेप बसवल्याशिवाय ते बंद होत नाही. इगतपुरीचा पाऊस अंगावर घेणाऱ्यांनी असं जॅकेट शिवायला देऊ नये, असं माझं मत आहे.

पँट

कंबर मागच्या मधल्या शिवणीतून घेतात. पट्टा उघडायचा, मधून इंच-दीड इंच घ्यायचं, पट्टा परत लावायचा. त्याहून जास्त घेतलं तर दोन्ही बाजूंचे खिसे आणि कंबरेच्या हाडाचे आर्मर मागे ओढले जातात. मांडी आणि पोटरी आतल्या शिवणीतून. गुडघ्याच्या खाली जरा आवळून घेतलं की आर्मर वर-खाली होत नाही, पण पावसाळी बूट मोहरीतून जातो का ते पाहा.

लांबीचं माप बसूनच. पाय गिअरवर असताना मोहरी बुटाच्या वर चढू नये. उभं राहिल्यावर ती टाचेपाशी जमिनीला टेकेल इतकी लांब वाटते, आणि ते बरोबर आहे. कापण्याऐवजी आत दुमडून घ्या. डाव्या मोहरीला एकही सुटा दोरा किंवा लोंबती पट्टी राहू देऊ नका, तिथे गिअरचा खटका आहे आणि बऱ्याच गाड्यांची साखळीही त्याच बाजूला.

रायडिंगच्या जीनमध्ये पिवळसर, खरखरीत अस्तर असतं ते अ‍ॅरामिड नावाच्या चिवट धाग्याचं. माझ्या एका मैत्रिणीची पँट सैल करताना शिंप्याने ते "जाड आहे, टोचेल" म्हणून मनापासून काढून टाकलं. त्या पँटीतलं संरक्षण तेच होतं. त्याला हात लावायचा नाही हे तोंडी सांगा, आणि खडूने आत लिहाही.

जॅकेट पँटला जोडणारी चेन नसेल तर ती लावून घ्या. किमान पाठीमागे आठ इंच, जमलं तर पूर्ण घेर. दोन्ही बाजूंनी सुटणारी मोल्डेड दातांची जाड चेन घ्यायची आणि तिचेच दोन भाग जॅकेट आणि पँटला लावायचे. वेगवेगळ्या चेनचे दात जुळत नाहीत. जागा गाडीवर बसून ठरवा, उभं राहून लावली तर वाकल्यावर पँट वर खेचते.

घट्ट कपडा सैल करायचा असेल तर कडेच्या शिवणीत कळी घालतात, सलवारीत घालतात तशीच. कापड मात्र तेवढंच दणकट हवं. जुन्या रायडिंग पँटचं कापड त्यासाठी जपून ठेवा. शिंप्याकडचं अस्तराचं किंवा रेक्झिनचं कापड तिथे चालणार नाही.

चामडं

चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून पिना नाहीत, कच्ची शिलाई नाही, प्रयोग नाहीत. कागद धरायच्या क्लिपा लावून माप घ्या. उसवल्यावर जुन्या भोकांची रांग नव्या शिवणीच्या आत झाकली गेली पाहिजे, म्हणून चामडं आत घेता येतं, सैल करताना जुनी भोकं उघडी पडतात. सुई चामड्याची, कापणाऱ्या टोकाची. कडा रापीने पातळ करून, सोल्युशनने चिकटवून मग शिवल्या की फुगवटा येत नाही. बाहीच्या नळकांड्यात साधं मशीन शिरत नाही, तिथे बूट शिवणाऱ्यांचं पॅचर मशीन लागतं. बहिणीच्या जॅकेटची कड एकाने घेतली आणि बाही बुटांच्या कारागिराने, आणि दोन्ही उत्तम झाल्या.

घरी आणल्यावर

पैसे देण्याआधी जॅकेट उलटं करा. नवी शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर तिथेच परत द्या. शिवणीची सुरुवात आणि शेवट मागे-पुढे टीप मारून बंद केलाय का ते पाहा. आर्मर फोटो पाहून परत बसवा.

मग घरी गाडीवर बसून आधीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा, त्याच बुटांनी, त्याच अस्तराने. पावसाच्या जॅकेटवर शिवणीच्या जागी तांब्याभर पाणी ओता आणि आतून हात फिरवा. पहिली फेरी जवळची ठेवा, गंगापूर धरणापर्यंत जाऊन या. काख काचते का, मनगटाशी वारा शिरतो का, वळून पाहताना गळा आवळतो का, हे पाऊण तासात कळतं. त्यानंतर घाटाची फेरी. समृद्धीवर दुचाकीला बंदी असल्याने मुंबईकडे जाताना आपल्याला कसारा आहेच. घाट उतरताना अंगाचा भार मनगटांवर येतो आणि बाह्या मागे खेचल्या जातात. बाही कमी घेतली की जास्त, याचं खरं उत्तर तिथे मिळतं.

माझ्या जॅकेटचं उत्तर असं आलं की डावी काख अर्धा इंच सैल हवी होती. आत इंचभर कापड ठेवलेलं होतं, त्यामुळे देवळालीच्या काकांनी ते उभ्या उभ्या, चहा संपायच्या आत करून दिलं.